ऐंशी टक्क्यांच्या वर नाही

पहाटेचे साडेपाच, बाहेर उणे बावीस, आणि बोर्गहिल्ड अंगणात हेअर ड्रायर घेऊन उभी. केस वाळवायला नव्हे हो! गाडीला लावलेली चार्जिंगची पिन रात्रीत सॉकेटात गोठून बसली होती, आणि पिन निघाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. घरातून लांबलचक वायर ओढून आणली होती. अंगात तिच्या माहेरचा बुनाड, म्हणजे लोकरीचा जाड घागरा, भरतकामाची चोळी आणि छातीवर लोंबणारी चांदीची फुलं. हा पोशाख लग्नाकार्याला आणि सणालाच बाहेर निघतो. त्यावर नवऱ्याचा जुना कोट चढवलेला आणि हातात तो घुरघुरणारा ड्रायर. नातीच्या बाप्तिस्म्याला निघालेली आजी ही अशी!

"जरा खालून धर," आस्लाक म्हणाला. हा नवरा. वय चौसष्ट, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, आणि तेव्हापासून शिकवायला घरात एकच विद्यार्थीण उरलेली.

"तूच धर ना मग!"

"मी काच खरवडतोय, दिसत नाही?"

खरवडत होता, हे खरं. पाऊण तास खरवडून त्याने समोरच्या काचेवर ताटलीएवढं भोक पाडलं होतं. बाकी काचेवर बोटभर बर्फ तसाच होता.

तेवढ्यात शेजारचा ट्रिग्वे दवाखान्यातल्या सकाळच्या पाळीला निघाला. त्याच्याकडे अगदी हीच गाडी, रंगसुद्धा हाच. तिची काच स्वच्छ, आतला दिवा लागलेला, वर पडलेला बर्फ वितळून पाणी ओघळतंय. कारण तो रात्री फोनमध्ये निघायची वेळ घालून झोपतो. मग गाडी तारेला जोडलेली असतानाच आपली आपण गरम होते, बॅटरीही उबदार होते, आणि माणूस येऊन नुसता बसतो. ट्रिग्वेने हात हलवला आणि गेला. बोर्गहिल्डने ड्रायर हलवला.

"बघ," ती म्हणाली. "बघ जरा तिकडे."

"उधळपट्टी आहे ती," आस्लाक म्हणाला. "गाडी म्हणजे काय पाळण्यातलं पोर आहे, की ऊब देऊन उठवायचं?"

आस्लाकचे या गाडीबाबत दोन नियम होते, आणि गाडी घेतल्यापासून बोर्गहिल्डच्या डोक्यावर त्यांनी मिऱ्या वाटल्या होत्या. एक, गाडी आधी गरम करायची नाही. दोन, ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करायची नाही, कारण त्याने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. उन्हाळा असो, हिवाळा असो, घाट असो, ऐंशी म्हणजे ऐंशी. काल रात्री ती हात जोडून म्हणाली होती, "एकदाच, एकच दिवस शंभर कर." तर त्याने तिला आलेख काढून दाखवला होता.

"आपलं आयुष्य संपलं तरी चालेल," ती म्हणाली होती, "बॅटरीचं वाढलं पाहिजे."

आणि मुळात आज निघायचंच नव्हतं! काल, शनिवारीच, घाट ओलांडून मुलाकडे मुक्कामाला जायचं ठरलं होतं. पण काल टीव्हीवर पन्नास किलोमीटरची स्कीची शर्यत होती. ती अर्धवट सोडून निघणं आस्लाकला जमेना. शर्यत संपली, मग तिची चर्चा, मग बक्षिसं, मग अंधार. "उद्या वारा कमी आहे," तो म्हणाला, "घाटातून गाड्या नेणारा नऊचा ताफा धरू. अकराला चर्चमध्ये हजर."

पिन एकदाची सुटली. बोर्गहिल्ड गाडीत बसली तेव्हा तिच्या बोटांना ड्रायरचीसुद्धा ऊब राहिली नव्हती.

आजचा दिवस चुकवायचा नव्हता. कसाही. त्याला कारण होतं, आणि ते तिच्या मनात चार वर्षं सलत होतं.

आइविंड तिचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नाला हे दोघं पोचले ते केक कापून झाल्यावर. तेव्हा आस्लाकने निघायच्या दिवशीच सकाळी टायर बदलायला काढले होते, कारण त्याच्या मते गॅरेजवाले बोल्ट चुकीच्या क्रमाने आवळतात. बोर्गहिल्डने फोनवर मुलाला सांगितलं, "घाट बंद आहे रे, काय करणार." नव्या घराच्या जेवणाला गेलेच नाहीत, तेव्हाही तिने तेच सांगितलं. घाट मात्र दोन्ही वेळा उघडा होता. ते खोटं तिने इतक्या सहज सांगितलं होतं, की नंतर तिलाच आठवायला लागायचं, खरं काय होतं.

आणि आता नात झाली होती. महिन्यापूर्वी आइविंडचा फोन आला. "आई, तू धर्ममाता हो. बाळाला हातात घेऊन तूच पुढे जायचं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "पण नक्की येणार ना? कारण या वेळी..." पुढचं बोललाच नाही. न बोललेलं तिला बरोबर कळलं होतं.

गाडी निघाली. हीटर बंद. तोही नियमच, लिहून ठेवला नव्हता इतकंच. दोघांच्या मांडीवर घोंगड्या, पायात लोकरीचे दोन दोन मोजे, आणि तोंडाच्या वाफेने काच आतून पांढरी. आस्लाक पुढे वाकून गाडी चालवत होता आणि बोर्गहिल्ड हातमोज्याने काच पुसत होती.

"लाव ना जरा हीटर."

"तो बॅटरी खातो."

"आणि मला थंडी खाते!"

"तू पाय हलव. रक्त फिरतं."

ती पाय हलवत राहिली. चांदीची फुलं गारठून चोळीतून छातीला टोचत होती. मीटरवरचे टक्के बर्फाळ छतावरून घसरावेत तसे घसरत होते. ऐंशी, एकाहत्तर, साठ. आस्लाक दर दहा किलोमीटरला भागाकार करून सांगायचा, की सगळं हिशेबात आहे. ऐंशी किलोमीटरवर ब्रूवोलच्या दुकानापाशी ते चार्जिंगला थांबले तेव्हा तेहेतीस उरले होते. "हे हिशेबात नव्हतं," तो पुटपुटला.

दुकानापाशी दोन खांब. एक रस्ता साफ करणाऱ्यांनी लोटलेल्या बर्फात गळ्यापर्यंत गाडलेला. दुसरा मोकळा. आस्लाकने तार जोडली, पडद्याकडे पाहिलं, मग वाकून परत पाहिलं.

"काय झालं?"

"हळू घेतेय."

"किती हळू?"

"बॅटरी गार आहे. गार बॅटरी पटकन घेत नाही."

बोर्गहिल्डने त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटले. उघडले. "म्हणजे," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आधी गरम केली असती, तर घेतली असती."

"तत्त्वतः हो."

तत्त्वतः! तिला वाटलं, हा माणूस, ही गाडी आणि ते तत्त्व, तिन्ही त्या बर्फाच्या ढिगात उभी पुरावीत आणि वर फावडं रोवून निघून जावं. पण ती नुसती खाली उतरली आणि खांबाभोवती फेऱ्या मारत राहिली. अर्ध्या तासात नऊ टक्के भरले. बेचाळीस. जास्त थांबलं तर नऊचा ताफा चुकणार. त्यानंतरचा साडेबाराला.

"निघू या," आस्लाक म्हणाला. "पुरेल. उतारावर थोडं परत मिळतं."

"आधी चढ आहे, आस्लाक."

"चढानंतर उतारच असतो."

ग्रोफ्येलच्या घाटाच्या फाटकापाशी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. सोसाट्याचा वारा होता. बर्फ खालून वर उडत होता. बारा-तेरा गाड्या रांगेत, सगळ्यांचे दिवे लुकलुकत असलेले, आणि सगळ्यांत पुढे बर्फ लोटणारी पिवळी धुडासारखी गाडी. अशा दिवशी घाटात एकट्याने जाता येत नाही. त्या पिवळ्या गाडीमागे सगळ्यांनी एका माळेत जायचं, पुढच्याचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, आणि एक थांबला की मागचे सगळे थांबलेच. वळायची सोय नाही.

मीटरवर सत्तावीस.

ताफ्यावरची मुलगी प्रत्येक गाडीपाशी वाकून विचारत येत होती. गुरो नाव, पिवळ्या अंगरख्यावर लिहिलेलं. भुवया बर्फाने पांढऱ्या.

आस्लाकने आपला हातमोजा काढला आणि सहज ठेवावा तसा मीटरवर ठेवला.

बोर्गहिल्डने ते पाहिलं. तो आपल्याकडे बघत नाहीये, हेही पाहिलं.

काच खाली झाली. "सुप्रभात," गुरो म्हणाली. "विजेची ना? किती टक्के आहेत?"

"भरपूर," आस्लाक म्हणाला.

"भरपूर म्हणजे? आज चाळीसच्या खाली कुणाला सोडत नाही आम्ही. वर दोन तास अडकून बसायची वेळ येऊ शकते. परवा एक गाडी मधेच बंद पडली, मागे रुग्णवाहिका होती."

"पन्नासच्या आसपास," आस्लाक म्हणाला आणि बोर्गहिल्डकडे वळला. "हो ना?"

त्या दोन शब्दांनी तिचं डोकं सणकलं. कारण हे "हो ना?" तिच्या ओळखीचं होतं. टायरच्या वेळचं, जेवणाच्या वेळचं. हा गोंधळ घालणार आणि तिने बाहेरच्यांना सांगायचं, की घाट बंद होता. "हो" म्हटलं, तर कदाचित अकराला चर्चमध्ये. कदाचित वर, मधोमध, अंधाऱ्या गोठलेल्या गाडीत, मागे दहा जणांची पोरंबाळं अडकवून. "नाही" म्हटलं, तर फाटकाच्या अलीकडे, साडेबारापर्यंत, आणि आइविंडला परत तोच फोन.

तिने हात पुढे केला आणि हातमोजा उचलला.

"सत्तावीस," ती म्हणाली.

गुरोने वाकून पाहिलं. आस्लाककडे पाहिलं. ओरडली नाही, रागावली नाही, आणि तेच फार वाईट होतं. "मग तुम्ही बाजूला घ्या," एवढंच म्हणून ती मागच्या गाडीकडे गेली.

आस्लाकने गाडी रांगेतून काढून बाजूला लावली. काच वर केली. कान लालबुंद.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने स्वतःची वाट बंद केलीस. पोचलो असतो आपण! बावीस टक्के लागतात, मी मोजलंय!"

"तू ऐंशी पण मोजले होतेस."

"आता सांग आइविंडला फोन करून. सांग, घाट..."

"काय सांगू?" तिने त्याला मधेच तोडलं. "बोल ना. काय सांगू? दर वेळी मीच सांगते ना? या वेळी तू शिकव, मास्तर!"

आस्लाक काचेवरची वाफ पुसायला लागला.

बोर्गहिल्डने घोंगडी बाजूला केली, पिशवी उचलली आणि दार ढकललं. दार गोठलेलं. खांद्याने धडक दिली, तेव्हा उघडलं.

"कुठे चाललीस?"

"बाप्तिस्म्याला."

आता, इथल्या माणसांचं एक आहे. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी मागे उभी राहतील, पण अनोळख्याच्या शेजारी बसणार नाहीत. बोर्गहिल्ड एकसष्ट वर्षांची झाली होती आणि तिने आयुष्यात परक्या माणसाच्या गाडीची काच कधी वाजवली नव्हती. साखर उसनी मागायची वेळ आली तर ती बिनसाखरेची कॉफी प्यायची. पहिल्या गाडीपाशी तिने दोनदा हात पुढे करून मागे घेतला. घागऱ्यात बर्फ शिरत होता. तिने काच वाजवली.

पहिल्या गाडीत तीन पोरं आणि आजी. दुसरीत दोन थोराड कुत्री. "माफ करा हं," ती दोन्हीकडे म्हणाली, "त्रास देते." पुढची पिवळी गाडी धूर सोडायला लागली होती. तिसरी एक खटारा डिझेल व्हॅन होती. काच खाली गेली आणि आतून गरम हवेचा आणि माशांच्या वासाचा असा लोट आला की तिचे डोळे पाणावले.

"मला पलीकडे सोडाल का?" ती एका दमात म्हणाली. "अकराला नातीचा बाप्तिस्मा आहे, आमची गाडी ताफ्यात घेत नाहीत, नवरा मूर्ख आहे."

आतल्या दाढीवाल्याने तिच्या चांदीकडे पाहिलं, मग बाजूला लावलेल्या गाडीकडे, आणि शेजारच्या सीटवरचं पावाचं पुडकं उचललं. "मागे दोनशे किलो कॉड मासा आहे," तो म्हणाला. "पोशाखाला वास लागेल."

"लागू दे."

व्हॅन हलली तेव्हा तिने आरशात पाहिलं. आस्लाक गाडीबाहेर येऊन उभा होता, टोपी न घालता. हात वर केलेला, पण तो निरोपाचा होता की थांब म्हणायचा, ते बर्फात दिसेना.

पावणेदोन तासांत त्या माणसाने काही विचारलं नाही, त्याबद्दल तिने मनात त्याचे आभार मानले. हीटर पूर्ण सोडलेला होता. पायाची बोटं एकेक करून परत आली, आणि मग तिला रडू आलं. थंडी उतरली म्हणून, चीड आली म्हणून, कशाकशाने. इतकी ऊब होती जगात, आणि आपण पाय हलवत बसलो!

अकराला दहा मिनिटं कमी असताना व्हॅन चर्चपाशी थांबली. पायऱ्यांवरचा बर्फ नुकताच झाडलेला होता. आत दाराशीच आइविंड उभा होता, सुटात. शेजारी सून टूने. आणि टूनेची बहीण. बाळ त्या बहिणीच्या हातात होतं. लांब पांढरा झगा तिच्या मनगटावरून खाली लोंबत होता.

"आई!" आइविंड म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद उमटला, आणि लगेच त्यामागून दुसरंच काहीतरी आलं. त्याने टूनेच्या बहिणीकडे पाहिलं, हातातल्या छापील कागदाकडे पाहिलं. कागद त्याने पाठीमागे नेला, पण बोर्गहिल्डला वाचता येत होतं. धर्ममाता म्हणून नाव छापलं होतं ते तिचं नव्हतं.

"कधी छापलं?" तिने विचारलं.

"गुरुवारी." तो कानापर्यंत लाल झाला, अगदी बापासारखा. "आई, तसं नाही. आम्हाला वाटलं, समजा घाट बंद असला तर... ऐन वेळी पंचाईत नको. बाबा कुठे आहेत? घाट बंद झाला का?"

हे किती सोपं होतं! त्याने स्वतःच तिला वाक्य तयार करून दिलं होतं. नुसती मान हलवली की झालं असतं.

"घाट उघडा आहे," ती म्हणाली. "तुझे बाबा फाटकापाशी आहेत, गाडीत चार्ज नाही म्हणून. आणि तुझ्या लग्नाच्या दिवशीही घाट उघडाच होता. बाबा टायर बदलत बसले होते. घराच्या जेवणालाही उघडा होता. मी खोटं सांगितलं तुला. दोन्ही वेळा."

टूनेने बहिणीला दंडाला धरून जरा पुढे नेलं. आइविंड जागचा हलला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"लग्नाच्या दिवशी मी याच दारातून रस्ते खात्याला फोन केला होता. तुमच्यासाठी सगळ्यांना अर्धा तास थांबवलं होतं, म्हटलं, फाटक उघडायला किती वेळ आहे ते तरी विचारू. ते म्हणाले, सकाळपासून वाहतूक सुरळीत आहे."

बोर्गहिल्डला पहाटेपासून जो राग आला होता, तो सगळा आस्लाकवरचा होता. आणि आता तो ठेवायला जागाच सापडेना. चार वर्षं हा पोरगा दर वेळी फोनवर म्हणत आला होता, "हरकत नाही आई, डोंगराला काय करणार."

"मग बोलला का नाहीस रे?" ती म्हणाली. आवाज चढला, चर्चमध्ये दोन माना वळल्या. "चार वर्षं! एका शब्दाने बोलला नाहीस!"

"मी वाट बघत होतो," आइविंड म्हणाला. "तू सांगशील म्हणून."

वर घंटा सुरू झाली. पाद्री बाहेर येऊन सगळ्यांना आत बोलावू लागला. टूनेची बहीण बाळाला घेऊन मधल्या वाटेने पुढे निघाली, जपून, एकेक पाऊल टाकत, कारण झगा तिच्या पायात येत होता. बोर्गहिल्ड मागून चालत गेली. माशांचा वास तिच्याबरोबर आत आला. आइविंडने पहिल्या बाकावर सरकून जागा केली, आणि ती त्याच्या शेजारी बसली. डोक्यावर पाणी पडलं तशी पोरगी जोरात किंचाळली. सगळं चर्च हसलं. टूनेची बहीण तिला हलवून हलवून गप्प करत होती, आणि तिला ते जमतही होतं.